परदेशीं बिऱ्हाड हलवितांना

सोलापूर हें समुद्रापासून दूर वसलेलें गांव. येथील मुलास सिद्धेश्वराचें तळें ठाऊक, भुईकोट किल्ल्याचा खंदक ठाऊक. परंतु बंदर व जहाज हीं त्यानें बहुधा पुस्तकांतच पाहिलेलीं असतात. तरी पण परदेशगमन ही गोष्ट आपल्या गांवास नवी नाहीं. भैय्या चौकांतील ज्या घरांत आज स्मारक आहे, त्या घरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस इ. स. १९३८ सालीं चार सहकारी डॉक्टरांसह चीन देशांत जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्यास गेले आणि १९४२ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला. ते घरदार मागें ठेवून गेले होते. आतां घरदार बरोबर घेऊन जाणारीं कुटुंबें पुष्कळ झालीं आहेत. परीक्षेचा निकाल लागला कीं एखाद दुसरे पालक शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास येतात, आणि दाखला हातीं पडल्यावर हळूच विचारतात, "सर, आमच्या सामानाचें काय करावें ?"

या प्रश्नाचें उत्तर देण्याचा थोडाबहुत अधिकार मला माझ्या एका चुकीनें मिळाला आहे. ती चूक प्रथम सांगणें हेंच प्रामाणिकपणाचें होईल.

कांहीं वर्षांपूर्वीं माझे धाकटे बंधु सहकुटुंब इंग्लंडास जावयास निघाले. माझी भावजय परिचारिका. तिला तेथील एका रुग्णालयांत नोकरी मिळाली होती. बांधाबांध मजकडे सोंपविण्यांत आली, कारण शाळेंतील सामानाच्या नोंदी मी पुष्कळ वर्षें ठेवीत आलों आहें व घरांत माझी ख्याति व्यवस्थित मनुष्य म्हणून आहे. भावजयीच्या मूळ प्रमाणपत्रांची फाईल माझ्या हातीं आली. एवढी मोलाची वस्तु कोठें ठेवावी ? मीं ती आमच्या वडिलांच्या लोखंडी ट्रंकेंत लोंकरी कपड्यांच्या घड्यांखालीं ठेविली, ट्रंकेस कुलूप लाविलें, आणि ती ट्रंक समुद्रानें जाणाऱ्या सामानांत घातली. फाईल सुरक्षित राहिली यांत शंका नाहीं. परंतु ती अकरा आठवडे वाटेंत सुरक्षित राहिली! मूळ कागद पाहिल्यावांचून भावजयीस कामावर रुजूं करून घेतां येईना. घरभाडें सुरू झालें, पगार सुरू होईना. बंधूंनीं रात्रपाळीस ओझीं उचलण्याचें काम धरिलें व तेवढ्यावर घर चाललें. थंडी पडूं लागली तेव्हां मुलांचे लोंकरी कपडेहि त्याच ट्रंकेंत अडकले आहेत हें ध्यानांत आलें. भावजयीनें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं ; म्हणूनच ती गोष्ट मला अधिक लागली.

मीं प्रत्येक वस्तूची किंमत पाहिली होती. ती केव्हां लागेल हें पाहिलें नव्हतें. बिऱ्हाड हलविण्याचें सारें शास्त्र या एका वाक्यांत आहे असें मला तेव्हांपासून वाटतें. खोकें उघडण्यापूर्वीं यादी लिहावी, आणि यादींत वस्तूच्या नांवापुढें "कोठें ठेविली" हें लिहिण्यापूर्वीं "केव्हां लागेल" हें लिहावें.

असें केलें म्हणजे घरांतील सामानाचे आपोआप चार भाग पडतात. पहिला भाग हातांतील पिशवींत, जो एक क्षणहि दृष्टीआड होतां कामा नये. यांत पासपोर्ट, जन्माचे व विवाहाचे दाखले, मूळ पदव्या व प्रमाणपत्रें, मुलांचे शाळेचे दाखले व गुणपत्रिका, लस टोंचल्याच्या नोंदी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, नेहमींचीं औषधें, चष्मे व दागिने हीं येतात. कित्येक कागदांवर ॲपोस्टिल नांवाचा शिक्का लागतो. भारत २००५ सालीं त्यासंबंधींच्या हेगच्या करारांत सामील झाला. करारांतील देशांत हा शिक्का असलेला भारतीय कागद खरा मानला जातो. प्रथम राज्य सरकारची साक्षांकनाची मोहोर व नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असा हा क्रम असल्यानें वेळ लागतो. म्हणून हें काम सर्वांच्या आधीं हातीं घ्यावें.

दुसरा भाग विमानांतून बरोबर जाणाऱ्या बॅगांचा. पहिले तीन महिने समुद्रावरील सामान मिळणार नाहीं असें समजून या बॅगा भराव्या. ज्या ऋतूंत तेथें उतरावयाचें त्या ऋतूचे कपडे, दोन भांडीं, अंथरूण-पांघरूण, मुलांचीं चालू वर्षाचीं पुस्तकें एवढें यांत हवें. येथें एक जुनें उदाहरण आठवतें. आनंदीबाई जोशी इ. स. १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून निघाल्या व जूनांत न्यूयॉर्कास उतरल्या. आपला पोशाख व आपला आहार सोडावयाचा नाहीं असा त्यांचा निर्धार होता. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यानें त्यांच्या प्रकृतीस फार त्रास दिला. १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या, परंतु क्षयानें खंगून परतल्या व १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास निवर्तल्या. त्यांच्या आजाराचें सारें कारण थंडी होती असें म्हणतां येणार नाहीं. तथापि परक्या हवेस हलकें लेखूं नये एवढा बोध त्यांत आहे. उन्हाळ्यांत चाळीस अंशांवर तापणाऱ्या गांवांत बसून बर्फाची कल्पना करणें कठीण जातें, हें मी स्वानुभवानें सांगतों.

तिसरा भाग समुद्रानें जाणारा, आणि चौथा भाग मुळींच न जाणारा. या दोहोंमधील निवड भावनेनें करूं लागल्यास घरांत भांडण होतें. गणितानें केल्यास होत नाहीं. तें गणित आपल्या शाळेंतील सातवींतील मुलास करतां येण्याजोगें आहे.

आतां समुद्रावरील मालवाहतूक बहुतेक लोखंडी कंटेनरांतून होते. मालकम मॅक्लीन नामक अमेरिकन मालमोटारवाल्यानें इ. स. १९५६ च्या एप्रिलांत "आयडियल एक्स" या जहाजावर ५८ पेट्या चढवून त्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या, तेथून या पद्धतीचा विस्तार झाला. त्यापूर्वीं प्रत्येक गांठोडें हमालांनीं उचलून जहाजांत रचावें लागे. आतां पेटी जशीच्या तशी मालमोटारीवरून जहाजावर जाते. आपलें सामान सोलापुराहून पुण्यावरून सुमारें ४०० किलोमीटर रस्त्यानें १९८९ सालीं सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरास जातें. वीस फुटी कंटेनरांत सुमारें ३३ घनमीटर जागा असते. परंतु खुर्च्या-टेबलांमध्यें पोकळी राहतेच, म्हणून प्रत्यक्षांत २५ ते २८ घनमीटर सामान बसतें असें धरावें. चाळीस फुटी कंटेनरांत ही जागा सुमारें दुप्पट. एवढें सामान नसल्यास अनेक कुटुंबांचें सामान एका कंटेनरांत घालतात व प्रत्येकानें व्यापलेल्या घनमीटरांप्रमाणें भाडें घेतात. अशा सामायिक कंटेनरास पुरेसें सामान जमेपर्यंत थांबावें लागतें, हाच त्यांतील उशीर.

एक खोकें ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच आहे असें समजा. तिहींचा गुणाकार १,२१,५०० घनसेंटिमीटर, म्हणजे ०·१२१५ घनमीटर. अशीं आठ खोकीं मिळून जवळजवळ एक घनमीटर होतो. माझ्या बंधूंचीं बत्तीस खोकीं होतीं ; म्हणजे चार घनमीटर झाले. आतां साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद व दीड फूट खोल असें लोखंडी कपाट घ्या. तें २९·२५ घनफूट, म्हणजे सुमारें ०·८३ घनमीटर भरतें. एकटें कपाट जवळजवळ सात खोक्यांची जागा खातें. त्या जागेचें भाडें व तेथें नवें किंवा वापरलेलें कपाट घेण्याची किंमत हीं शेजारीं शेजारीं लिहिलीं कीं उत्तर आपोआप मिळतें.

विमानानें माल पाठवितांना दुसरें गणित लागतें. तेथें खरें वजन व आकारमानावरून काढलेलें वजन यांपैकीं जें अधिक त्याचें भाडें पडतें. सामान्यतः घनसेंटिमीटरांस ६००० नें भागतात. वरील खोक्याचें असें वजन २०·२५ किलो येतें. त्यांत उशा भरल्या व खरें वजन पांचच किलो भरलें, तरी भाडें सव्वावीस किलोंचें द्यावें लागेल. म्हणून उशा कधींहि विमानानें पाठवूं नयेत.

विजेच्या उपकरणांचा विचार देशावरून करावा. इंग्लंडांत आपल्याप्रमाणेंच २३० व्होल्ट व ५० आवर्तनें आहेत. तेथें फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेंत १२० व्होल्ट व ६० आवर्तनें आहेत. येथील मिक्सर तेथें नीट चालणार नाहीं. शीतकपाट व धुलाईयंत्र हीं तर बहुधा येथेंच द्यावींत.

कांहीं वस्तु आवडत्या असूनहि नेतां येत नाहींत. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें शंभर वर्षांच्या वरील मूर्ति, चित्रें, नाणीं व कलावस्तु, तसेंच पंचाहत्तर वर्षांच्या वरील महत्त्वाचीं हस्तलिखितें खासगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहींत. आपल्या भागांत जुन्या घराण्यांत पितळी मूर्ति व मोडी दप्तरें अजून सांपडतात. त्यांविषयीं शंका असल्यास पुरातत्त्व खात्याकडून निर्णय घ्यावा, किंवा सरळ नातलगांकडे ठेवावीं. बीं-बियाणें, रोपें, माती व गवत हीं दुसऱ्या वर्गांत येतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे देश याबाबतींत अति कडक आहेत, कारण परदेशची कीड एकदां शेतांत शिरली कीं ती निघत नाहीं. तेथें जोड्यांच्या तळव्यास चिकटलेला चिखलहि चालत नाहीं. खेळाचे बूट, सायकल व बागेचीं हत्यारें घासून धुवून व वाळवूनच खोक्यांत घालावींत. लांकडी क्रेट वापरलीं तर त्यांचें लांकूड आंतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णतेंत ३० मिनिटें तापवून, किंवा मान्य धुरी देऊन, वर गव्हाच्या लोंबीचा आंतरराष्ट्रीय शिक्का मारलेला असावा लागतो. शेंगांची चटणी व कडक भाकरी हे आपले दोन्ही पदार्थ प्रवासास उत्तम. पण ते तीन महिन्यांच्या समुद्री खोक्यांत न घालतां, त्या देशाचा नियम पाहून, बरोबरच्या बॅगेंत न्यावे.

आतां बांधणीविषयीं. पुस्तकें लहान खोक्यांत भरावींत. वर सांगितलेल्या मापाचें खोकें पुस्तकांनीं भरल्यास त्याचें वजन सत्तर किलोंच्या वर जाईल, व तें उचलतांना तळ तरी फाटेल नाहीं तर हमालाची पाठ तरी दुखावेल. जड वस्तु तळाशीं, हलक्या वर ; बशा आडव्या न रचतां पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवाव्या, म्हणजे धक्का कडेवर येतो व त्या फुटत नाहींत. सोलापुरी चादरी व टॉवेल हे न्यावयाचे असतातच. तेच भांड्यांभोंवतीं गुंडाळावेत, म्हणजे निराळें वेष्टन नको व निराळी जागाहि नको.

मात्र सर्वांत मोठा शत्रु धक्का नव्हे, ओलावा होय. उन्हाळ्यांत थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात हें तुम्हीं पाहिलेंच आहे. ऊन हवेंत वाफ अधिक मावते. ती हवा गार धातूस लागली कीं तिच्यांतील वाफेचें पाणी होतें. कंटेनर दिवसां तापतो व रात्रीं निवतो, आणि त्याच्या छतास आंतून तसेच थेंब जमून खालीं पडतात. म्हणून खोक्यांत जाणारी प्रत्येक वस्तु कोरडी ठणठणीत असावी. आमच्या आईनें भाकरी थापण्याची आपली लांकडी काठवट बंधूंच्या संसारास दिली, आणि मायेनें आदल्या रात्रीं ती घासून धुवून दिली. ती वरून कोरडी दिसली, पण लांकडाच्या पोटांत पाणी होतें. इंग्लंडांत खोकें उघडलें तेव्हां तिच्यावर हिरवी बुरशी आली होती. धुतलेलीं लांकडी भांडीं निदान आठ दिवस सावलींत वाऱ्यावर ठेवावींत, व खोक्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या.

प्रत्येक खोक्यास अनुक्रमांक द्यावा व तो तीन बाजूंस लिहावा. यादींत क्रमांक, आंतील वस्तु, संख्या व अंदाजे किंमत लिहावी. नुसतें "घरगुती सामान" लिहूं नये. जकातखात्याचा अधिकारी अशा खोक्यासच प्रथम हात घालतो. यादीच्या तीन प्रती कराव्या : एक बरोबरच्या पिशवींत, एक वाहतूकदाराकडे, एक मागें राहणाऱ्या नातलगाकडे.

या यादीचें महत्त्व परदेशांत उतरतांच कळतें. वापरलेल्या गृहसामानास बहुतेक देश जकात माफ करितात, पण अटी असतात. इंग्लंडांत सामान पोहोंचण्यापूर्वींच माफीचा अर्ज करावा लागतो, व वस्तु निदान सहा महिने वापरांत असावी लागते. अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत हीच मुदत एक वर्षाची आहे. म्हणून निघण्याच्या आनंदांत नवीं भांडीं व नवें यंत्र विकत घेऊन खोक्यांत भरणें हें शहाणपणाचें नव्हे. कॅनडांत तर मागून येणाऱ्या सामानाचीहि यादी पहिल्यानें उतरतांनाच दाखवावी लागते. तेव्हां ती खोक्यांत असून उपयोग नाहीं. हे नियम बदलत असतात, यास्तव त्या त्या देशाच्या सरकारी पत्रकावरून ते निघण्यापूर्वीं पुनः पाहावेत.

शेवटीं विमा व काळ. इ. स. १८१२ त अमेरिकेहून निघालेले गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे मिशनरी कलकत्त्यावरून १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस पोहोंचले. जवळजवळ वर्ष लागलें. १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडल्यावर युरोपची वाट जवळ झाली. तरीहि समुद्र तो समुद्रच. २०२१ च्या मार्चांत "एव्हर गिव्हन" हें प्रचंड जहाज त्याच कालव्यांत सहा दिवस आडवें रुतलें, आणि सुटल्यावरहि नुकसानभरपाईच्या वादांत जुलैपर्यंत अडकून पडलें. त्या वेळीं जहाज वांचविण्याचा खर्च त्यांवरील मालाच्या सर्व धन्यांनीं वांटून सोसावा असें जाहीर झालें. हा सागरी व्यापाराचा फार जुना नियम आहे : सर्वांच्या रक्षणासाठीं झालेली हानि सर्वांनीं भरावी. ज्याचा विमा असतो त्याचा हा भार विमेवाला उचलतो. ज्याचा नसतो, त्यास आपलेंच सामान सोडवून घेण्यासाठीं पैसे भरावे लागतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रांतील हल्ल्यांमुळें पुष्कळ जहाजांनीं आफ्रिकेस वळसा घातला, तेव्हां प्रवास दहा-बारा दिवसांनीं लांबला. म्हणून सहा आठवडे सांगितले असतां तीन महिने धरावे, आणि विमा अवश्य घ्यावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं असा प्रसंग आला तर मोठ्यांच्या पायांत न घोटाळतां यादी लिहिण्याचें काम मागून घ्या. टेप घेऊन खोकीं मोजा, घनमीटर काढा. भूमितीचा असा उपयोग पुनः लवकर मिळणार नाहीं. आणि पालकहो, प्रत्येक मुलास एक लहान खोकें त्याच्या निवडीनें भरूं द्या. आपणांस कवडीमोल वाटणारा चेंडू त्यास परक्या खोलींत पहिल्या रात्रीं झोंप देतो.

माझ्या बंधूंचीं बत्तीस खोकीं व ती ट्रंक अखेर पोहोंचलीं. दुसऱ्या दिवशीं भावजय कामावर रुजूं झाली. काठवट त्यांनीं खरवडली, मिठानें घासली, पुष्कळ दिवस वाळविली व तिला शेंगदाण्याचें तेल चोळलें. तिजवर एक काळसर डाग कायम राहिला आहे. रविवारीं तींत ज्वारीचें पीठ मळतात तेव्हां पुतण्या आजीस फोनवर तो डाग दाखवितो, आणि आजी दर वेळीं म्हणते, "धुवून लगेच उन्हांत ठेव रे !" तेथें ऊन फार थोडें असतें, हें तिला अजून कोणीं सांगितलेलें नाहीं.